सूट सेवेला होती, धंद्याला नव्हे

मुंबईत टॅक्सी चालवायची तर परमिट लागते, चालकाला बिल्ला लागतो, गाडीला मीटर लागतो आणि त्या मीटरवर किती रुपये उठावेत हे परिवहन प्राधिकरण ठरवते. तेवढ्याच आकाराची व्हॅन घेऊन आत स्ट्रेचर बसवले, आरटीओकडे ती रुग्णवाहिका म्हणून नोंदवली आणि डायलिसिसच्या रुग्णाला घरून रुग्णालयात पोचवून पैसे घेतले, तर परमिट लागत नाही. मरीन ड्राइव्हवर हवा खायला निघालेल्या धडधाकट माणसाला जे संरक्षण मिळते, ते खुर्चीत बसवून चार जिने खाली उतरवलेल्या आजारी माणसाला मिळत नाही. हे कुणा एका अधिकाऱ्याच्या बेपर्वाईने घडलेले नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो नीट पाहिला की चूक कुठे झाली हेही दिसते. माझे म्हणणे असे की रुग्णवाहिकेला परमिटमधून मिळालेली सूट एका सार्वजनिक आणि बहुतांशी मोफत सेवेला दिलेली होती. त्या सेवेचा धंदा झाला तेव्हा सूट पुन्हा तपासायला हवी होती, ती कुणी तपासली नाही. म्हणून तातडीची नसलेली रुग्णवाहतूक करणाऱ्या खासगी गाड्यांना आता महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांनी परवाना द्यावा, आणि तो देताना जुन्या परवान्यांनी शिकवलेले धडे विसरू नयेत.

भाड्याच्या गाडीला परवाना का लागतो, याचे उत्तर मोटारीच्या आधीचे आहे. मुंबई सरकारने १८६३ मध्ये सार्वजनिक वाहनांसाठी कायदा केला आणि १९२० मध्ये त्याच विषयावर नवा कायदा आला. व्हिक्टोरिया आणि भाड्याच्या इतर घोडागाड्या या कायद्यांखाली धावल्या. परवाना पोलिसांकडून घ्यायचा, गाडीवर क्रमांक लावायचा, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त उतारू बसवायचे नाहीत, भाडे ठरलेल्या दराने घ्यायचे, अशी ती चौकट होती. तिच्यामागचा विचार पक्का होता. रस्त्यावर उभा असलेला उतारू घोडा लंगडतो का, चाकाचा आस किती झिजला आहे, हे तपासत बसू शकत नाही. गोदीवर नुकताच उतरलेला परका माणूस घासाघीस करू शकत नाही. जिथे गिऱ्हाइकाला माल पारखता येत नाही आणि दुसऱ्या दुकानात जाण्याइतका वेळही नसतो, तिथे सगळे बाजारावर सोडून भागत नाही. हा विचार ज्याला सर्वांत जास्त लागू पडावा तो माणूस म्हणजे रुग्ण. पण रुग्णाला तो लागू झाला नाही, कारण त्या काळात रुग्णाकडे उतारू म्हणून पाहिलेच गेले नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याला रुग्ण दिसला तो संसर्गाचा धोका म्हणून. इंग्लंडच्या १८६६च्या सॅनिटरी ॲक्टने संसर्गजन्य रोग झालेल्या माणसाला भाड्याच्या गाडीत बसण्यास आडकाठी केली आणि त्याच कायद्याने स्थानिक संस्थांना अशा रुग्णांसाठी वेगळी गाडी ठेवण्याची मुभा दिली. १८७५च्या पब्लिक हेल्थ ॲक्टने दोन्ही गोष्टी पुढे चालवल्या. देवी आणि लाल ज्वराच्या रुग्णांना ओळखीच्या घोडागाडीवाल्याने चोरून न्यावे, मग त्याच गादीवर दुसऱ्या कुटुंबाने बसावे, हे थांबवायचे होते. लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाने १८८०च्या दशकात आपल्या रुग्णालयांशेजारी रुग्णवाहिका ठाणी उघडली. पुढे टेम्स नदीतून देवीच्या रुग्णांना नेणाऱ्या आगबोटीही या बोर्डाने चालवल्या. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातही धोकादायक रोगाच्या रुग्णाने सार्वजनिक गाडीत बसण्यावर आणि अशा रुग्णाला नेलेल्या गाडीच्या निर्जंतुकीकरणावर कलमे आहेत. एकंदरीत कायद्याने आधी रुग्णाला भाड्याच्या गाडीतून खाली उतरवले आणि मग त्याच्यासाठी सार्वजनिक गाडी उभी केली. परवान्याची चौकट व्हिक्टोरियाकडे राहिली, रुग्णाची गाडी तिच्या बाहेर गेली.

आठ वर्षांतच या व्यवस्थेची परीक्षा झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याबरोबर घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, दारात येऊन रुग्णाला उचलून नेणाऱ्या तुकड्या आल्या. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभाराने काय घडवले हे महाराष्ट्राला सांगायला नको. याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णाला स्वतः पाठीवर घेऊन नेताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. सरकारकडे रुग्णाला घराबाहेर काढण्याची सत्ता होती, पण लोक विश्वासाने ज्यात बसतील अशी गाडी नव्हती, आणि जिथे विश्वास होता तिथे वाहन म्हणून माणसाची पाठ होती. कायद्याचा सगळा जोर रुग्णावर पडला, त्याला नेणाऱ्यावर कसलेच बंधन आले नाही. रुग्णवाहतुकीचे नियमन म्हटले की आजही काही जणांच्या मनात सक्तीचेच चित्र उभे राहते, त्याचे मूळ इथे आहे. म्हणूनच हे ठासून सांगितले पाहिजे की परवाना गाडीवाल्याला लागतो, रुग्णाला नव्हे.

प्लेगनंतरच्या पन्नास-साठ वर्षांत रुग्णवाहिका हे लोकसेवेचे वाहन ठरले. सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या संस्था, १९२०च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय रेडक्रॉस सोसायटी, नगरपालिकांचे दवाखाने आणि सरकारी रुग्णालये यांच्या गाड्या असत. महाराष्ट्राने पुढेही या परंपरेत आपली भर घातली. गणेशोत्सव मंडळे, शिवसेनेच्या शाखा, लायन्स आणि रोटरी क्लब, देवस्थाने, सहकारी साखर कारखाने यांनी रुग्णवाहिका घेतल्या. गाडीच्या दारावर कुणाच्या तरी स्मरणार्थ असे लिहिलेले, चालक मंडळाचाच कार्यकर्ता, भाडे म्हणजे डिझेलचे पैसे, आणि ज्याच्याकडे तेही नाहीत त्याला मोफत. रात्री दोन वाजता उठून गाडी काढणाऱ्या या कार्यकर्त्यांचे ऋण मराठी समाजावर आहे आणि पुढचे काहीही त्यांच्या विरोधात नाही. मात्र कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशीच लोकसेवेची रुग्णवाहिका होती. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात परमिटची सक्ती आली तेव्हा कलम ४२ मध्ये काही गाड्यांना सूट दिली गेली. केवळ पोलीस, अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेच्या कामासाठी वापरलेली गाडी आणि केवळ प्रेत नेण्यासाठी वापरलेली गाडी, असे तिचे स्वरूप होते. रुग्णवाहिकेचे शेजारी पाहिले की हेतू कळतो. पोलिसांची गाडी भाडे घेत नाही, बंबही भाडे घेत नाही, आणि रुग्णवाहिकाही त्याच पंगतीत बसवली गेली. १९८८चा नवा कायदा आला तेव्हा ही तरतूद जवळपास तशीच कलम ६६ मध्ये उतरली.

पण १९८८ नंतरचा महाराष्ट्र १९३९चा उरला नव्हता. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत खासगी नर्सिंग होम वाढली. सीटी स्कॅन एका इमारतीत, शस्त्रक्रिया दुसऱ्या, अतिदक्षता विभाग तिसऱ्या, अशी उपचारांची विभागणी झाली. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागते. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हातारीला डिस्चार्जनंतर गावी न्यायचे असते. पक्षाघाताच्या रुग्णाला फिजिओथेरपीसाठी, कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचारासाठी जावे लागते. यांतले काहीच घड्याळाशी स्पर्धा करणारे नाही, पण आडवे झोपवून, कधी प्राणवायू लावून न्यावे लागते, म्हणजे रिक्षा चालत नाही. ही गरज मंडळाच्या एका गाडीने भागणारी नव्हती. ती खासगी गाड्यांनी भागवली आणि त्या नसत्या तर हजारो रुग्णांचे हाल झाले असते, हे मान्य केले पाहिजे. त्यांतल्या कित्येकांनी प्रामाणिकपणे काम केले. पण हा व्यवहार आता भाड्याचा होता, आणि भाड्याच्या व्यवहाराला १८६३ पासून जी चौकट आहे ती इथे नव्हती.

मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर हा व्यवहार कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. ओळीने उभ्या असलेल्या व्हॅन आणि टेम्पो ट्रॅव्हलर, सगळ्यांवर सारखाच लाल क्रॉस आणि सारखाच दिवा. एकीत प्राणवायूचा भरलेला सिलिंडर, दुसरीत रिकामा, तिसरीत भरलेला असूनही त्याचा नळ फिरवायची किल्ली नाही. सोबत कुणी प्रशिक्षित माणूस आहे की फक्त चालक, हे बाहेरून कळत नाही. वॉर्डातून डिस्चार्ज निघाला की नातेवाइकांच्या हाती आतल्याच कुणाकडून एक नंबर येतो. त्या नंबरामागे कमिशन असले तर ते शेवटी भाड्यातच मिळवले जाते. साताऱ्याला जायचे तर येतानाची रिकामी फेरी कुणाच्या माथी, थांबल्याचे पैसे वेगळे का, प्राणवायू भाड्यात धरला की त्याचे वेगळे, यांतले काहीही लिहिलेले नसते. नातेवाईक बिल भागवून आधीच रिकामे झालेले असतात आणि स्ट्रेचरवर माणूस ताटकळत असतो. गोदीवरच्या परक्या उतारूपेक्षा ही परिस्थिती अधिक बिकट आहे. व्हिक्टोरियाच्या उतारूला निदान दराचा आधार होता आणि पाय धड होते.

या काळात सरकारने काहीच केले नाही असे नाही, पण त्याची नजर तातडीच्या सेवेवर होती. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तिच्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. अपघात, प्रसूती, हृदयविकाराचा झटका अशा वेळी तिने असंख्य जीव वाचवले आहेत. गोव्यात ती २००८ पासूनच होती. गाडीच्या बांधणीबाबत केंद्राने एआयएस-१२५ हे मानक आणले. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार केले आहेत. पहिला प्रकार प्रथम मदत घेऊन पोचणाऱ्या वाहनाचा, दुसरा रुग्णवाहतुकीच्या वाहनाचा, तिसरा प्राथमिक जीवरक्षक आणि चौथा प्रगत जीवरक्षक गाडीचा. यातला दुसरा प्रकार म्हणजेच आपला विषय. ज्याची प्रकृती वाटेत अचानक बिघडेल अशी अपेक्षा नाही अशा रुग्णाची गाडी कशी असावी हे मानक सांगते. पण मानक गाडीच्या पत्र्याबद्दल आणि आतल्या मांडणीबद्दल बोलते. ती चालवणारा कोण, सोबत माणूस कसा, पैसे किती, तक्रार कुणाकडे, याबद्दल ते बोलू शकत नाही. आरटीओचे पासिंगही त्या दिवशी गाडी कशी होती एवढेच सांगते. सिलिंडर आज भरलेला आहे का, हे पाहणे त्याच्या कक्षेत येत नाही.

ही उणीव किती खोल आहे ते २०२० मध्ये सगळ्यांना दिसले. कोरोनाच्या लाटेत काही किलोमीटरच्या फेरीसाठी हजारो रुपये मागितल्याच्या बातम्या शहराशहरांतून आल्या. राज्य सरकारला त्या वर्षाच्या मध्यावर खासगी रुग्णवाहिका ताब्यात घेण्याचे आणि त्यांचे दर बांधण्याचे आदेश काढावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी भाडे ठरवण्यास सांगितले. दर ठरले आणि ठिकठिकाणी जाहीरही झाले. तरीही अंमलबजावणी लंगडी राहिली, आणि तिचे कारण कायद्याच्या रचनेतच होते. १९८८च्या कायद्यातले भाडे ठरवण्याचे कलम टप्पा वाहतूक, कंत्राटी वाहतूक आणि मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. टॅक्सीवाल्याने जादा पैसे घेतले तर त्याचे परमिट निलंबित करता येते आणि त्या धाकाने दर पाळला जातो. रुग्णवाहिकेचे परमिट निलंबित करता येत नाही, कारण ते मुळात दिलेलेच नसते. साथीच्या काळात आपत्तीचे अधिकार वापरून वेळ निभावली. साथ ओसरली तसे ते अधिकारही मागे पडले, पण डायलिसिसचा रुग्ण आठवड्याला दोनदा-तीनदा त्याच फाटकाबाहेर उभा राहत आहे.

आता परवाना द्यायचा कुणी? महाराष्ट्रात याचे उत्तर हाताशी आहे. १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजही चालू आहे आणि त्याखालची नोंदणी शहरात महापालिका करते. किती खाटा, किती परिचारिका, कसली जागा, हे पाहून स्थानिक प्राधिकरण नोंदणी देते आणि ठराविक मुदतीने नूतनीकरण करते. म्हणजे रुग्ण ज्या इमारतीतून निघतो तिच्यावर महापालिकेची देखरेख आहे, ज्या इमारतीत पोचतो तिच्यावरही आहे, मधला रस्ता मात्र बेवारस आहे. ज्या आरोग्य अधिकाऱ्याला अतिदक्षता विभागातला प्राणवायू तपासता येतो, त्यालाच फाटकाबाहेरच्या गाडीतला सिलिंडर तपासता आला पाहिजे. परवान्यात फार गुंतागुंत नको. गाडी कोणत्या प्रकारची आहे हे दारावर ठळक लिहिलेले असावे, सोबतच्या माणसाचे प्रशिक्षण नोंदलेले असावे, गाडीच्या आत मराठीत दरपत्रक लावलेले असावे आणि त्यात परतीची फेरी, थांबण्याचे पैसे व प्राणवायू यांचा खुलासा असावा. दर फेरीची पावती मिळावी, तक्रारीचा एक क्रमांक असावा, आणि नोंदणीकृत रुग्णालयांनी परवाना असलेल्या गाड्यांचीच यादी स्वागतकक्षात लावावी. या शेवटच्या अटीने कमिशनचा धंदा जितका आटेल तितका तो पोलिसी कारवाईने आटणार नाही.

याला पहिला आक्षेप असा की परवाना म्हणजे चिरीमिरी, खेटे आणि शेवटी गरीब गाडीवाल्याचे मरण. हा आक्षेप हलका नाही आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. १८२७ मध्ये कोलकात्यात पोलिसांनी पालखी वाहणाऱ्यांवर नोंदणी, बिल्ला आणि वेळेनुसार ठरलेले दर लादले, तेव्हा ओडिया भोयांनी पालख्या खाली ठेवून संप केला. त्यांच्याशी न बोलता ठरवलेला दर त्यांना पोटावर पाय वाटला. त्यांचे दुखणे खरे होते. यातून शिकायचे ते हे की दर ठरवताना डिझेल, चालकाचा पगार, गाडीचा हप्ता, रिकामी फेरी हे सगळे धरले पाहिजे, गाडीवाल्यांच्या संघटनांना समोर बसवले पाहिजे आणि दर वेळोवेळी सुधारला पाहिजे. केरळने २०२४ मध्ये गाडीच्या प्रकारानुसार किमान भाडे आणि पुढच्या किलोमीटरचे दर ठरवून अशी मांडणी करता येते हे दाखवले. आज प्रामाणिक गाडीवाल्याचे नुकसान नियमामुळे होत नाही, तो नसल्यामुळे होते. भरलेला सिलिंडर आणि शिकलेला सोबती ठेवणाऱ्याला ज्याने दोन्हींवर खर्च केलेला नाही अशाशी स्पर्धा करावी लागते आणि बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे. परवाना आला की संख्येवर मर्यादा येते, आधीचे परवानाधारक नव्याला येऊ देत नाहीत आणि गाड्या कमी पडतात. अमेरिकेत हे घडलेले आहे. तिथे १९६०च्या दशकाच्या मध्यावर जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे देत, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडे होती. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या अवस्थेवर कठोर बोट ठेवले आणि त्यानंतर नियमन वेगाने वाढले. त्यात केंटकीसारख्या काही राज्यांनी नव्या सेवेने आपली गरज आधी सिद्ध करावी अशी अट घातली आणि चालू कंपन्यांना तिला विरोध करण्याची संधी दिली. रुग्णाला घरून डायलिसिसला नेणाऱ्या साध्या सेवेलाही ही अट लागली. हा धडा स्पष्ट आहे. परवान्याने गुणवत्ता पाहावी, संख्या बांधू नये. जो अटी पुऱ्या करतो त्याला ठराविक दिवसांत परवाना मिळालाच पाहिजे, आणि शेजारच्या गाडीवाल्याचे मत त्यात विचारले जाऊ नये.

तिसरा आक्षेप ग्रामीण भागातून येतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरून रुग्णाला आजही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, तिथे परवान्याची भाषा कशाला? पण जिथे गाडीच नाही तिथे ती पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि परवाना त्याचा पर्याय होऊ शकत नाही. परवाना लागतो तो पैसे घेऊन चालणाऱ्या गाडीला. झोळी वाहणाऱ्या शेजाऱ्याला, जीपमधून रुग्णाला नेणाऱ्या गावकऱ्याला, मोफत चालणाऱ्या मंडळाच्या गाडीला तो लागू नये. मंडळांनी फक्त नाव, गाडी आणि चालक यांची नोंद करावी, तीही विनाशुल्क. रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातो ही अडचणही सुटणारी आहे. एका पालिकेचा परवाना राज्यभर मान्य ठरवला की पुरे, नर्सिंग होमची नोंदणी जशी एका राज्य कायद्याखाली स्थानिक हातांनी होते तशीच ही व्हावी. आणि तातडीच्या गाडीला रस्त्यात अडवणार का, ही भीती तर अनाठायी आहे. परवान्याची तपासणी गाडीतळावर आणि रुग्णालयाच्या आवारात होते, सिग्नलवर नव्हे.

इंग्लंडने हा प्रवास पूर्ण केला आहे. तिथे १९४६च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने रुग्णवाहिका पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. पुढे साधी रुग्णवाहतूक खासगी कंत्राटदारांकडे गेली. मग सेवा देणारा बदलला आहे हे ओळखून २०११ पासून खासगी रुग्णवाहिका कंपन्यांना आरोग्य नियामकाकडे नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या झाल्या आहेत, तिसरी राहिली आहे. कलम ६६ मधली सूट पोलिसांच्या आणि बंबाच्या शेजारी बसणाऱ्या गाडीसाठी लिहिली होती आणि तिच्यासाठी ती कायम राहावी. जी गाडी रुग्णाकडून भाडे घेते तिने मात्र भाड्याच्या गाडीची जबाबदारीही घेतली पाहिजे. राज्य विधिमंडळाने १९४९च्या कायद्याला रुग्णवाहतुकीचे एक प्रकरण जोडले तर पालिकांच्या हाती अधिकार येतील आणि नवे खाते उघडावे लागणार नाही. व्हिक्टोरियाच्या उतारूला मुंबईने १८६३ मध्ये दिलेला न्याय स्ट्रेचरवरच्या माणसाला देण्यासाठी आणखी एका साथीची वाट पाहू नये.